वेगाचा रकाना

"पोरीसाठी ट्रेडमिल घेतली आम्ही," हे वाक्य माझ्या वडिलांनी इतक्या जणांना ऐकवलंय की नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांना पाठ झालं असेल. मी समोर असले की ऐकणारा आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे कौतुकानं बघतो. त्यांच्याकडे घेतल्याबद्दल, आणि माझ्याकडे अशा घरात जन्मल्याबद्दल. पाहुण्यांसमोर तोंड उघडायची सवय आमच्या घरात मुलींना लावलेली नाही.

मला पोलीस व्हायचं होतं. हे मी आठवीत ठरवलं होतं आणि बीए होईपर्यंत बदललं नाही, यात माझा हट्ट जास्त आणि अक्कल कमी असेल, पण ठरवलं होतं खरं. भरतीत मुलींना तीन गोष्टी कराव्या लागतात: शंभर मीटर, गोळाफेक आणि आठशे मीटर. पहिल्या दोन मला जमायच्या. खरी परीक्षा आठशेची. तीन मिनिटांच्या बऱ्याच आत आलं तर चांगले गुण, पुढे सरकत गेलं की गुण गळत जातात. तिथे एकेका सेकंदावर नोकरी असते.

घरापासून वीस मिनिटांवर एक मैदान होतं. पहाटे साडेपाचला तिथे एक निवृत्त हवालदार भरतीच्या मुलामुलींना पळवायचे. त्यांना आम्ही सर म्हणायचो. आम्ही पाच मुली होतो. त्यातली एक सुरगाण्याकडची, होस्टेलला राहून शिकणारी, माझी मैत्रीण झाली. ती बूट हातात धरून पळायची, कारण बूट एकच होते आणि परीक्षेपर्यंत टिकवायचे होते. सर तिला ओरडायचे आणि ती हसून पुढे निघून जायची. मी तिच्या मागे. पहिल्या दिवशी मला आठशेला चार मिनिटं पंधरा सेकंद लागली होती. सहा महिन्यांनी मी तीन मिनिटं दहा सेकंदांवर आले. सर म्हणाले, "अजून वीस सेकंद कापायचेत, मग तुला कुणी अडवत नाही." घरी जाताना मी तो आकडा तोंडात घोळवत होते. घरात कुणाला सांगितला नाही, कारण कुणी विचारला नाही.

मग एका पहाटे दोन जण मोटरसायकलवरून माझ्या बाजूनं हळूहळू येऊ लागले. "पळ पळ, आम्ही आहोत मागं," असं म्हणत मैदानाच्या फाटकापर्यंत आले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मागे बसलेल्यानं माझ्या जॅकेटची टोपी ओढली. मी घरी येऊन आईला सगळं खरं खरं सांगितलं. आयुष्यात केलेल्या चुका मोजायला बसले तर मी इथून सुरुवात करीन. आईनं ते पप्पांना सांगितलं आणि पप्पांनी जेवताना, भाकरीचा तुकडा मोडत, माझ्याकडे न बघता सांगितलं, "उद्यापासून नको."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. पण मी तेव्हा भांडले नाही, उलट गयावया केली. म्हटलं, "पप्पा, तुम्ही चला ना माझ्याबरोबर. काही करू नका, नुसतं कट्ट्यावर बसा. तुम्ही बसलेले दिसलात की कुणी जवळ येणार नाही." पप्पा म्हणाले, "पहाटे उठणं मला झेपत नाही. डोकं धरतं माझं." खरं सांगायचं तर त्यांचं डोकं धरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. रविवारी विहारात वंदनेला सकाळी सगळ्यांच्या आधी तेच पोहोचायचे, आणि मुलींनी पुढे गेलं पाहिजे यावर तिथे सगळ्यात चांगलं तेच बोलायचे. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही असायचे. मनापासून वाजवायचे.

त्याच आठवड्यात सायखेड्याची आत्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आलेली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ती दिवाणावर बसलेली असायची आणि उघड्या डोळ्यानं सगळं घर चालवायची. तिनं माझी बाजू घेतली, म्हणजे तिला वाटलं तिनं घेतली. "दादा, पोरीला पळायचं तर पळू दे. लय गुणाची हाय. पन रस्त्यानं कशाला? वणीच्या लोकांनी इचारलं का तुमची पोरगी काय करती, तर काय सांगू, रस्त्यानं पळती? त्या पळायच्या मशीन निघाल्यात ना, एक घरातच घेऊन टाक."

वणीच्या लोकांकडे माझ्यासाठी स्थळ होतं, हे मला त्या वाक्यातून कळलं.

पप्पांना ही सूचना फार आवडली. इतकी की त्यांनी लगेच कागद घेतला. पप्पा एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि आयुष्यात त्यांनी एकही वस्तू सरळ दुकानात जाऊन घेतली नाही. मिक्सर असो की पंखा, आधी तीन दुकानांतून तीन कोटेशनं, मग त्यांचा तुलनात्मक तक्ता, मग त्यावर शेरा, आणि मग खरेदी. तक्ता ते आखणीच्या पट्टीनं आखायचे. डावीकडे बाब, उजवीकडे अ, ब, क. नियम असा की सगळ्यात स्वस्त ते टिकत नाही, सगळ्यात महाग ते आपल्याला शोभत नाही, म्हणून मधलं. आमच्या घरातला फ्रिज मधला होता, कपाट मधलं होतं, आणि माझं शिक्षणही मधलंच झालं होतं.

पंधरा दिवस ट्रेडमिलचं काम चाललं. कॉलेज रोडला एक दुकान, शरणपूर रोडला एक आणि तिसरं द्वारका चौकाच्या बाजूला. पप्पा माहितीपत्रकं घेऊन यायचे आणि रात्रीच्या जेवणाआधी आत्याला वाचून दाखवायचे. मशीनची लांबी-रुंदी कळली तेव्हा त्यांनी तेवढ्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद चिकटवून हॉलमध्ये जमिनीवर पसरले, येता-जाता अडचण होते का ते पाहायला. आठ दिवस आम्ही सगळे त्या कागदाला वळसा घालून चाललो. आत्याला एका डोळ्यानं अंदाज यायचा नाही, ती सरळ त्याच्यावरून जायची, आणि पप्पा म्हणायचे, "अगं, मशीनवर पाय दिलास."

तक्ता मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. उघडल्यावर लागणारी जागा. दुमडल्यावर लागणारी जागा. दुमडताना आपटते की सावकाश बसते. खाली चाकं आहेत का. किती वजनाचा माणूस पेलते. मोटर किती ताकदीची. आवाज. वॉरंटी. दुरुस्तीचा माणूस नाशिकमधला की पुण्याहून येणार. नऊ-दहा बाबी असतील. "दुमडल्यावर" या बाबीखाली पप्पांनी लाल रेघ मारली होती, कारण वणीचे लोक बघायला आले तर मशीन दाराआड गेलं पाहिजे, ही आईची अट होती. वेगाचा रकाना त्यात नव्हता. मी तो तक्ता तीनदा वाचला आणि माझ्याही लक्षात आलं नाही. माझ्यासाठी कुणीतरी पट्टी घेऊन रेघा मारतंय, या आनंदात मी होते. तो आनंद खोटा नव्हता, त्याचाच मला जास्त राग येतो.

शेवटी मधलं दुकान ठरलं आणि आम्ही चौघं गेलो. आत्याची पट्टी निघाली होती, ती गॉगल लावून आली. दुकानाला रस्त्याच्या बाजूनं अख्खी काच होती आणि काचेला लागून मशीनं मांडलेली. विक्रेता म्हणाला, "ट्रायल घ्या ना." मी पुढे झाले तर पप्पा म्हणाले, "तू नको, रस्त्यावरून दिसतं." मग तेच चढले. ऑफिसच्या बुटांनी, दोन्ही हातांनी दांडा धरून, तीनच्या वेगावर ते दोन मिनिटं चालले आणि उतरून म्हणाले, "गुळगुळीत आहे." ज्या मशीनवर मला पळायचं होतं त्याची परीक्षा एवढीच झाली.

कोपऱ्यात एक मोठं काळं मशीन होतं. मी विचारलं, "ते?" विक्रेता म्हणाला, "ते जिमचं. दुमडत नाही." दुमडत नाही म्हटल्यावर पप्पांनी तिकडे मानही वळवली नाही. मी आमच्या मशीनकडे बोट करून विचारलं, "आणि याचा वेग किती?" म्हणजे विचारलं होतं मी. ते माझ्या खात्यावर राहू दे. "बारापर्यंत जातो," विक्रेता म्हणाला, "घरासाठी पुष्कळ आहे. घरात कोण एवढं पळतं, मॅडम?" पप्पा हसले, आई हसली, आत्या गॉगलआडून हसली. मीही हसले.

मशीन आलं त्या दिवशी पप्पांनी त्याला हार घातला. पाकिटातून एक छोटी लाल किल्ली निघाली, ती दोरीनं कपड्याला अडकवायची, म्हणजे पडलो तर पट्टा आपोआप थांबतो. आत्याला ती फार पसंत पडली. म्हणाली, "हे बरं हाय. पोरगी बांधलेली ऱ्हाती." तिला त्यात वाईट काही म्हणायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी बूट घालून चढले. सहा, आठ, दहा. मग बारा. पुढचं बटण दाबलं तर मशीन नुसतं टुक करायचं. पुन्हा दाबलं, पुन्हा टुक. मी पळत होते आणि मला अजून पळता येत होतं, छातीत हवा शिल्लक होती, आणि खालचा पट्टा मला सांगत होता की एवढंच. मी उतरले आणि तिथेच हिशेब केला. ताशी बारा किलोमीटर म्हणजे मिनिटाला दोनशे मीटर. दोनशे चोक आठशे. बरोबर चार मिनिटं. मी मेले तरी त्या मशीनवर आठशे मीटर चार मिनिटांच्या आत होणार नव्हतं. तिसरी-चौथीतलं गणित होतं. आणि मी मैदानावर तीन-दहाला येत होते.

संध्याकाळी पप्पांना सांगितलं. ते बूट काढत होते. "चार मिनिटं?" ते म्हणाले, "मग जास्त वेळ पळ. एकाच्या जागी दोनदा पळ. स्टॅमिना वाढतो." मी म्हटलं, "पप्पा, वेग हवा." ते म्हणाले, "वेग स्टॅमिन्यातूनच येतो. आणि उघडलेलं मशीन आता परत घेत नाहीत." मी म्हटलं, "मग मला मैदानावर जाऊ द्या." त्यावर आत्या बोलली, "एवढं आणलं बापानं, तरी हिचं तेच." आईनं मला आत बोलावलं, पोळ्या लाटायला.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि बंबाचा हारही अजून सुकलेला नव्हता. आठवड्याभरात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. छत दणदणतं, पंखा हलतो, म्हणाल्या. मशीनखाली जुनी सतरंजी घातली, तरी दणदणतंच. मग पप्पांनी मध्यम तोडगा काढला: सकाळी सात ते आठ, आणि नऊच्या वर वेग न्यायचा नाही. मी आठशे मीटरची तयारी नऊच्या वेगानं करू लागले. समोर भिंत, भिंतीवर दोन तसबिरी आणि घड्याळ. पाय तेवढे हलायचे. पळताना वारा कानाला लागतो, वळणावर अंग आत झुकवावं लागतं, पुढच्या मुलीची पाठ दिसते, तिला गाठायचं असतं, यातलं काहीच तिथे नव्हतं. मी पळणं विसरत चाललेय हे मला कळत होतं. रोज एक तास मी ते विसरत होते आणि घरातले म्हणत होते, किती मेहनत घेते पोरगी.

मैदानी चाचणीला पप्पा रजा काढून आले. पाण्याची बाटली, ग्लुकोज, टॉवेल, सगळं त्यांनी पिशवीत भरून घेतलेलं. त्यांना फाटकाबाहेर थांबवलं. आत माझी सुरगाण्याची मैत्रीण भेटली. तिनं माझे दोन्ही हात धरले. "कुठं होतीस गं? सर रोज विचारायचे. आम्हाला वाटलं, सोडलं तू." मी म्हटलं, घरी करत होते. तिला कळलं नाही. घरी कसं पळतात, हे तिला कळायचं काही कारणच नव्हतं.

शिट्टी झाली. पहिल्या शंभर मीटरमध्ये मला वाटलं, जमतंय. वळणावर पाय बाहेर फेकला गेला. दुसऱ्या फेरीत छाती फुटायला आली आणि मैत्रिणीची पाठ लहान लहान होत गेली. तीन मिनिटं एकतीस सेकंद. सहा महिने आधी मी याहून एकवीस सेकंद लवकर येत होते. यादी लागली तेव्हा माझा नंबर दोन गुणांनी हुकला होता. मैत्रीण लागली. आता ती कुठे पोलीस ठाण्यात आहे ते मला माहीत आहे, मी फोन करत नाही. तिचं काही चुकलेलं नाही. मला जळफळाट होतो, म्हणून करत नाही.

पप्पांनी घरी आल्यावर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "आपण काही कमी केलं नाही," ते म्हणाले. आपण म्हणाले ते.

पुढचं पटापट झालं. वणीचे लोक आले, मशीन दाराआड गेलं, पसंती झाली. नवरा माणूस म्हणून चांगला आहे, त्याच्यावर माझा राग नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी आत्याच्या डोक्यात आलं की मशीन पोरीचंच आहे, पोरीबरोबरच जाऊ दे. मग मंगल कार्यालयात रुखवत मांडलं त्यात लोकरीची तोरणं, फळांच्या आकाराच्या मेणबत्त्या, स्टीलची पिंपं, कपाट, आणि सगळ्यांच्या शेवटी दुमडून उभी केलेली ट्रेडमिल, तिला लाल रिबन. बायका हात लावून बघत होत्या. आत्या तिथे उभी राहून सांगत होती, "पोरीला पळायची लय हौस. पन कधी घराबाहेर पडली नाय बघा. घरातच पळायची." मी शालू नेसून, मुंडावळ्या बांधून ते ऐकत होते. तिच्या दृष्टीनं ती माझी स्तुती होती, आणि सासरच्यांनी ती तशीच घेतली.

पुढची भरती निघाली तेव्हा मला सहावा महिना होता. त्याच्या पुढची निघाली तेव्हा वय बसत नव्हतं. नवऱ्याची नोकरी नाशिकरोडला, तिथल्या आमच्या घरात मशीन गॅलरीत आहे. सासूबाई त्यावर कधी कधी चालतात, तीनच्या वेगानं, दांडा धरून.

गेल्या वर्षी पप्पांना साखर निघाली. डॉक्टरांनी रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं. मी लगेच फोन केला, "पप्पा, मशीन पाठवू का परत? टेम्पोत घालून देते." मनात काय होतं ते सांगते. मला त्यांना त्या पट्ट्यावर बघायचं होतं. भिंतीसमोर. पप्पा म्हणाले, "छे छे. घरात चालल्यानं कोंडल्यासारखं होतं. मी पहाटे मैदानावर जातो. साडेपाचला."

परवा मुलीला घेऊन माहेरी राहायला गेले होते. सकाळी सातला पप्पा मैदानावरून आले, तोंडावर तकाकी, पायांत पांढरे बूट. आईनं चहा दिला. त्यांनी खिशातून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. पट्टीनं आखलेली पानं. तारीख, मुलीचं नाव, शंभर मीटर, आठशे मीटर. वेळेचा रकाना सगळ्यात रुंद.

"भरतीच्या पोरी येतात तिथं," ते म्हणाले. "त्यांचे सर आता येत नाहीत. मग मी घड्याळ धरतो. नुसतं उभं राहायचं गं, दुसरं काही नाही. कुणीतरी मोठं माणूस उभं आहे म्हटलं की टवाळ पोरं जवळ येत नाहीत. आणि पोरी बघ कशा पळतात."

मी पानं उलटत होते. अक्षर तेच, तक्त्याचं. मला त्यांचा इतका राग आला की वहीतलं काही दिसेना, आणि त्यातही मी पानं फाटू नयेत म्हणून हळूच उलटत होते.

"ही बघ," त्यांनी एका नावावर बोट ठेवलं. "दोन पंचावन्न. अजून दहा सेकंद कापले की हिला कुणी अडवत नाही." मग चहाचा घोट घेऊन, अगदी सहज, त्यांनी विचारलं, "तुझं किती होतं गं आठशेला?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं त्यांनी. तीन-दहा माझ्या ओठांवर आलं होतं.

"चार मिनिटं," मी म्हटलं. "मशीनवर. बरोबर चार."

पप्पांनी मान हलवली. मैदान कळायला लागलेल्या माणसासारखी, हळू, समजूतदार. "चार म्हणजे फारच होतात गं," ते म्हणाले. "त्यात नसतंच झालं."

मी त्यांचा रिकामा कप उचलला आणि आत ठेवायला गेले.